मोहिनीला कोणाच्या हवाली करू

मी मगन पुना महाजन, वय एकाहत्तर, माजी सैनिक व निवृत्त बँक अधिकारी, राहणार भडगाव, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. माझ्या दोन्ही मूत्रपिंडांनी साथ सोडली आहे. बुद्धीने सोडलेली नाही, असे डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे वारस दोन. मुलगा समाधान, पत्नी डिंपलसह पुण्याला नोकरीस. मुलगी मोहिनी, वय एकोणचाळीस, जन्मतः मतिमंद. तिला भूक लागलेली सांगता येते, ताप आलेला सांगता येत नाही. पत्नी सुंदरबाई २०१८ साली वारली.

२. राहते घर समाधानला द्यावे. मोहिनी हयात असेपर्यंत तिला या घरातून हलवू नये, अशी अट मी घातली होती. वकिलांनी विचारले, "आबा, इथे तिच्याजवळ राहणार कोण?" अट खोडली आहे.

३. बँकेतील ठेवी मोहिनीच्या. सैन्याकडून मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही माझ्यामागे तिलाच मिळावे. त्याचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत.

४. माझी शिट्टी, मैदान आखायच्या दोऱ्या व गुणफलक इथल्या शाळेतील क्रीडाशिक्षिका सारिका यांना द्यावेत. जळगाव-धुळ्यात कबड्डीचा सामना असेल तिथे मी मैदान आखायला व गुण लिहायला जात असे, आणि मोहिनी बरोबर. "आण्णा, मॅच शे?" एवढे एकच वाक्य ती पूर्ण बोलते. बाद होऊन बाहेर येणाऱ्या खेळाडूसाठी ती टाळ्या वाजवी. लोक हसत. मीही एकदा हसलो आहे.

५. एक गोष्ट कबूल करायची आहे. २००९ साली चोपड्याला मोहिनी चालू चढाईत मैदानात शिरली. पंच माझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले. पुढच्या आठवड्यात धुळ्याला अंतिम सामना होता. सुंदरबाई लग्नाला गेली होती. मी मोहिनीला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आणि गेलो. परत आलो तेव्हा दाराला आतून रक्त लागले होते. तिची तीन नखे उखडली होती. सुंदरबाईला समजले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पोर शे ती, ढोर नही." मोहिनीला जो कोणी सांभाळील त्याने दाराला बाहेरून कडी लावू नये.

६. पालकाच्या नावाची ओळ वकिलांनी कोरी ठेवली होती. ती तीन महिने कोरीच राहिली. समाधानला फोन केला. तो म्हणाला, "आण्णा, डिंपल आणि मी दोघंही दिवसभर कामावर. चांगल्या संस्था असतात हो." मी फोन आपटला. मग आठवले, त्याच्या दहावीच्या निकालादिवशी आम्ही मोहिनीला घेऊन मुंबईच्या दवाखान्यात होतो. पेढे त्याला शेजाऱ्यांनी भरवले. सारिकाला विचारले, तर तिला रडू आले. "आबा, हो म्हणवत नाही. मला सासर आहे. रविवारी येत जाईन." वकील म्हणाले, रविवार कायद्यात बसत नाही. शेवटी समाधानचाच फोन आला. "लिहा माझं नाव," तो म्हणाला. त्याच्या आवाजातली नाखुशी मला ऐकू आली, तरी मी लिहिले. पालक : समाधान मगन महाजन. समाधान, तिला संस्थेत ठेवलेस तर माझा तुझ्यावर राग नाही. आधी आठ दिवस तिथले जेवण स्वतः जेवून बघ.

७. सुंदरबाई गेली तेव्हा मोहिनी आत झोपली होती. तिला उठवायचे धैर्य मला झाले नाही. आम्ही सर्व उरकून आलो आणि मी सांगितले, आई आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेली. तेव्हापासून दर आखाजीला ती नवी साडी नेसून ओट्यावर बसते. संध्याकाळपर्यंत उठत नाही. मी सहा वर्षे ते पाहिले, पण खरे सांगू शकलो नाही. माझ्या बाबतीत कोणी तिला खोटे सांगू नये. मला उचलण्याआधी तिला जवळ बसवावे, हात लावू द्यावा, घाई करू नये. ती मला उठवू लागेल. तेव्हा काय करायचे, ते मला सुचलेले नाही.

वरील सर्व वाचून, समजून, खालील दोघांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

मगन पुना महाजन (सही)

साक्षीदार
१. रिखबचंद जैन, किराणा व्यापारी, भडगाव (सही)
२. मंजुळाबाई पाटील, शेजारी, भडगाव (सही)

ठिकाण : भडगाव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४