साक्षीदाराची जागा

बेकप
६ नोव्हेंबर २००४

प्रिय डेनिस हिला,

लोरेनचे अनेक आशीर्वाद. कीथला आठवण सांग. साडेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट शेगडीत टाकावंसं वाटेल, पण थोरली बहीण म्हणून एवढंच मागते, शेवटपर्यंत वाच आणि मग टाक.

इकडे ठीक आहे. गुडघे कुरकुरतात. शेजारच्या डक्सबरीबाईंचं मांजर गेलं, आठवडाभर रडल्या आणि आता दुसरं आणलंय, तेही तितकंच कुरूप. काल पाच नोव्हेंबरच्या नेहमीच्या शेकोट्या झाल्या, गल्लीत अजून धुराचा वास आहे. मी मावशीसारखा पार्किन, तो आल्याचा केक, करायला गेले, तो दाताला असा चिकटला की विचारू नकोस. पिकपसाहेब नाताळला वकिलीतून निवृत्त होतायत. त्यांची पत्रं मी एकोणीस वर्षं टाइप केली, हे मात्र हातानं लिहितेय, म्हणून खाडाखोड चालवून घे.

मी फार दमलेय गं.

कोर्स पास झाले, हे कुणीतरी तुला सांगितलं असेलच. सगळे विषय पहिल्या फटक्यात. पुढची दोन वर्षं साहेबांच्या हाताखालची उमेदवारीही संपली. आता एक फॉर्म भरला की मी सॉलिसिटर. तो फॉर्म तीन आठवडे टेबलावर तसाच पडून होता. मी त्याच्यावर चहाचा कप ठेवायची. का, ते सांगायलाच बसलेय, पण मला एकदम सांगता येत नाही. सुरुवातीपासून सांगते.

आठवतं, दोन कॉलेजांची माहितीपत्रकं मी विनीमावशीच्या पलंगावर पसरली होती? एक कोर्स लंडनचा, वर्षाचा. एक मँचेस्टरचा, शनिवार-रविवारचा, दोन वर्षांचा. तू तिचे पाय चोळत होतीस. मावशी म्हणाली, "लंडनला जाऊन काय दिवे लावणार आहेस? मँचेस्टरला जा, बस आहे. पहिल्या वर्षाची फी माझी. पंचेचाळीस वर्षं सपातांच्या कारखान्यात तळवे चिकटवले मी. आपल्यातलं कुणीतरी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसू दे एकदाचं."

सहा वर्षं तिचं हगणं-मुतणं तू काढलंस आणि फी मिळाली मला. तरी तू हसलीस. "शिकू दे तिला," म्हणालीस, "मला हे घर आहेच की."

घर तुलाच द्यायचं, हे मावशीचं ठरलेलं होतं. म्हणून तर ऑक्टोबरात तिनं मृत्युपत्राची घाई केली. "घरात वकील पोसलाय, बाहेर कशाला पैसे घालवायचे?" मी म्हटलं, "मावशी, महिनाच झालाय मला कोर्सला." तर म्हणे, "मग महिन्याभराचं लिही!"

लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्याच मशीनवर टाइप केलं. घर डेनिसला, बाकी जे काय उरेल ते लोरेनला. साक्षीदार दोन हवे होते. एक डक्सबरीबाई चहाला आलेल्याच होत्या. दुसरा कोण? कीथ स्वयंपाकघरातल्या सिंकखाली नळाशी झटत होता. मीच हाक मारली, "ए कीथ, बाहेर ये, हात पुसून सही कर." त्यानं पँटला हात पुसले. कागदावर त्याच्या अंगठ्याचा काळा डाग अजून आहे.

मृत्युपत्रं मी शेकडो टाइप केली होती, पण साक्षीदार साहेब बसवायचे. मी फक्त टायपिंगमधली टिंबं-स्वल्पविराम बघायची. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या नवरा-बायकोला त्या कागदातून दमडी मिळत नाही, हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आईशप्पथ. कीथनं, तुझ्या नवऱ्यानं, सही केली आणि तुझं घर तिथंच गेलं. ते 'बाकी उरेल' त्यात पडलं, म्हणजे माझ्या पदरात.

मावशी गेल्यावर साहेबांनी कागद पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शिकाऊ माणसाच्या हातून होतं." मी रडले. तुला सांगितलं, मला आजच कळलं.

ते खोटं होतं, डेनिस.

मला फेब्रुवारीत कळलं. मृत्युपत्रांच्या तासाला मास्तरांनी नेमका हाच नियम सांगितला. माझ्या हातून पेन पडलं नाही की काही नाही. नीट उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. मावशी गेली मेमध्ये. मध्ये तीन महिने होते. नवा कागद, मावशीची सही, दोन परके साक्षीदार, पाच मिनिटांचं काम.

पुढच्याच रविवारी मी नवा कागद पिशवीत घालून आले होते. मावशी डक्सबरीबाईंना सांगत होती, "आमच्या लोरेननं केलं माझं मृत्युपत्र, एक पेनी लागली नाही." मला लाज वाटली. तिचं तोंड पडेल म्हणून गप्प बसले, असं कित्येक दिवस मी स्वतःला सांगितलं. पण पिशवीत दुसरंही पाकीट होतं, कॉलेजचं, दुसऱ्या वर्षाच्या फीचं. बँकेनं तोंडावर नाही म्हटलं होतं, बेचाळीस वर्षांच्या टायपिस्टला कोण कर्ज देतंय? घर माझ्याकडे आलं तर... एवढंच मनात आलं. पुढचा विचारसुद्धा केला नाही, पिशवीची चेन ओढली. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. असे चौदा रविवार गेले. दर रविवारी तू मला जेवायला वाढलंस.

आणि ती गेली तेव्हा, तिचा देह अजून घरात होता, माझ्या मनात आलं, सुंठीवाचून खोकला गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू भांडलीस तेव्हा मी काय म्हणाले? "कायदाच असा आहे, माझ्या हातात काय?" तू म्हणालीस, "तुझा कायदा तुला लखलाभ!" तीन आठवड्यांत तुम्ही बर्नलीला भाड्याच्या खोल्यांत गेलात. कीथनं एकट्यानं खोकी वाहिली. जाता जाता सिंकखालचा नळ पुन्हा घट्ट करून गेला. मी घर भाड्यानं दिलं आणि त्या भाड्यातून दुसरं वर्ष केलं. जूनमधल्या पेपरात प्रश्न काय यावा? साक्षीदाराची बायकोच वारस, तर घर कुणाला? मी दोन पानं लिहिली. वर्गात पहिली आले.

एवढ्यावरही कदाचित मी गप्पच राहिले असते, इतकी मी निर्लज्ज झाले होते. पण गेल्या महिन्यात डक्सबरीबाईंना बर्नलीच्या बाजारात कीथ भेटला. त्या सांगत होत्या, तो आता कशावरच सही करत नाही. मुलीच्या शाळेचा कागदसुद्धा तुझ्याकडे सरकवतो. "माझ्या सहीनं बायकोचं घर गेलं," म्हणतो. ऐकून मी घरी आले आणि कोट न काढता जिन्यावर बसून राहिले.

त्याला सांग, डेनिस. त्याच्या सहीनं नाही गेलं. ती चूक होती आणि तीही माझी, तीन महिने दुरुस्त होण्यासारखी. घर मी घालवलं, जाणूनबुजून.

फॉर्मवर एक प्रश्न आहे, तुमच्या चारित्र्याबद्दल आम्हाला कळावं असं काही आहे का? बहुतेक सगळे 'नाही'वर खूण करतात. मी 'हो'वर केली आणि वेगळं पान जोडून सगळं लिहिलं. आधी साहेबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, हे लिहिलं नसतंस तर कुणाला कळलं नसतं." मी म्हटलं, "कीथलाही कळलं नसतं, साहेब." फॉर्मचं पाकीट आज सकाळी पोस्टात टाकलं. हे पत्र लिहिण्याआधीच टाकलं, कारण माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही. बहुतेक मला घेणार नाहीत. टायपिंग येतंच आहे.

भाडेकरू गेल्या आठवड्यात गेले. किल्ल्या सोबत आहेत. घर तुमच्या दोघांच्या नावावर करायचा कागदही आहे, माझी सही झालेली आहे. आलेलं भाडं दर महिन्याला थोडं थोडं पाठवीन. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

तुम्हा दोघांच्या सह्यांच्या जागी पेन्सिलीनं फुली मारलीय. साक्षीदार गल्लीतलं कुणीही घ्या, घरातलं नको. आणि कीथला सांग, या वेळी त्याची सही साक्षीदाराच्या जागी नाही, मालकाच्या जागी आहे. हात पुसले नाहीत तरी चालेल.

तुला म्हणावंसं वाटलं तर तुझी बहीण,
नाहीतर नुसती,
लोरेन