शाहीनाज हानमची रॅकेट माझ्याकडे कशी आली

वडीलधारे बयूमी मामा यांस, भाची रबाबचा अलेक्झांड्रियाहून सलाम.

मामींचे गुडघे, म्हशीचा पाय आणि गच्चीवरची कबुतरं यांची खुशाली कळवा (क्रम मुद्दाम लावलेला नाही, मामींना सांगा). हे पत्र नेहमीप्रमाणे औषधवाले उस्ताज जाबिर तुम्हाला वाचून दाखवतील. उस्ताज, तुम्हालाही सलाम, पण कृपा करून या वेळी दुकानात गिऱ्हाईक असताना नको. माझं म्हणाल तर उजवं कोपर सोडून बाकी सगळी मी उत्तम आहे. अक्षर वाकडं आहे कारण हात डावा आहे.

मामा, तुम्ही म्हणाल, कोपराला काय झालं? त्याला टेनिस झालं. हाजिमच्या आईचं, म्हणजे शाहीनाज हानमचं, असं मत की माणूस ओळखावा तो खेळताना. येत्या गुरुवारी आमची सोयरीक ठरवून फातिहा वाचायचा, त्याआधी होणाऱ्या सुनेला त्यांना मैदानावर पाहायचं होतं. मी आपल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी. मला शिकवायला घेतलं की मी शिकते, थांबायचं कधी हे मात्र कुणी शिकवलेलं नाही. हाजिमनं त्याची जुनी रॅकेट दिली. ती पाटासारखी ताठ, तारा खाटेच्या सुंभासारख्या ताणलेल्या, मूठ इतकी बारीक की धरायला जीव मुठीत घ्यावा लागे. चेंडू तिकडे जाई आणि दणका इकडे कोपरात मुक्कामाला येई. महिनाभरात मला चहाचा पेला उचलता येईना. किल्ली फिरवताना मी रडले आणि शेजारणीला वाटलं हाजिमनं नकार दिला.

डॉक्टर वजीह म्हणाले, आधी विसावा, मग व्यायाम. शिजवलेल्या फुल-घेवड्याचा भरलेला डबा (आपण न्याहारीला खातो तोच) हातात धरायचा, मनगट वाकवायचं आणि अगदी सावकाश खाली न्यायचं. दुखणं उतरल्यावर रॅकेट बदलायची. मी म्हटलं, सगळ्यात हलकी घेते. ते म्हणाले, "तीच चूक करू नकोस, पोरी. फार हलकी असली की सगळा मार हातालाच. जरा वजनदार, लवचीक, तारा सैल, मूठ तुझ्या पंजाला भरेल अशी. चार जणींच्या रॅकेटी मागून घेऊन खेळून बघ, मग ठरव."

मी प्रामाणिकपणे मागून घेतल्या. चौथी शाहीनाज हानमची. मामा, उशीवर चेंडू मारल्यासारखं वाटलं. कोपर गप्प. मनात होतं तेवढं सगळं मी बोलले: अशी रॅकेट मी जन्मात पाहिली नाही, हात नाही तर ढग आहे (दृष्ट लागू नये म्हणून माशाल्ला म्हणायचं राहिलं, ते वेगळंच).

त्या म्हणाल्या, "आवडली ना? मग घे गं, तुझीच समज."

मी म्हटलं, छे छे. त्या म्हणाल्या, माझ्या गळ्याची शपथ. मी म्हटलं, मुळीच नाही. त्या म्हणाल्या, तुझ्याहून का जास्त आहे? मी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. त्या चौथ्यांदा घे म्हणाल्या आणि मी घेतली. तुम्हीच शिकवलंत, मामा. तीनदा नाही म्हणावं, चौथ्यांदाही नाही म्हटलं तर देणाऱ्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं होतं. क्लबातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शाहीनाज हानम हसतच राहिल्या, पण ते हसू कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखं दिसत होतं.

हाजिमनं घरी डोकं धरलं. "अगं बाई, आई वेटरलासुद्धा आपलं घड्याळ देते. कुणी घेत नाही."

मी लगेच परत द्यायला गेले. तर, "दिलेलं परत घ्यायची रीत आमच्यात नाही, हबीबती. आंब्याचा रस घे." मी चारदा आग्रह केला, त्यांनी चारही वेळा नाकारलं, पाचव्यांदा मी रस प्याले. मग शुक्रवारचा सामना त्या हाजिमच्या जुन्या पाटानं खेळल्या. हरल्या, आणि शनिवारी त्यांचंही कोपर धरलं. क्लबात आता म्हणतात, सुनेनं रॅकेट नेली आणि दुखणं ठेवून गेली.

डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकाच वेळी बोलावलं. समोरासमोर बसून आम्ही घेवड्याचे डबे वरखाली करतो. डॉक्टर म्हणतात, अजून सावकाश. त्या माझ्याकडे बघत इतक्या सावकाश खाली आणतात की मला गुन्हा कबूल करावासा वाटतो, आणि तो तर सगळ्यांना ठाऊकच आहे. काल त्या डॉक्टरांना (मला नव्हे) म्हणाल्या, "असल्या हातानं फातिहाला तळवे वर कसे करू? बघू ईदनंतर." मामा, ईदनंतर म्हणजे कधी हे मला कळतं. मला हाजिम हवा आहे. रॅकेट नको, हाजिम हवा.

मामींना सलाम सांगा, कोपराचं सांगू नका. त्या शेण लावायला सांगतील.

तुमची आज्ञाधारक,
रबाब

ता. क. खरं काम असं. तुम्ही बुधवारीच या. दारात मी रॅकेट घेऊन उभी असेन. तुम्ही म्हणा, "माशाल्ला, काय सुंदर वस्तू." मी म्हणेन, घ्या. तुम्ही पहिल्याच झटक्यात घ्या, अजिबात लाजू नका. मग गुरुवारी नवरीच्या मामाचा आहेर म्हणून ती शाहीनाज हानमना द्या. मामाचा आहेर नाकारायची रीत कुणातच नाही.

ता. क. २. वाटेत तिनं चेंडू मारून बघू नका. मामा, मी तुम्हाला ओळखते.

ता. क. ३. हाजिम आत्ताच सांगून गेला: आईनं नवी रॅकेट घेतली, जुनीहूनही मऊ. दुखणं उतरतंय, गुरुवार पक्का, आणि मंगळवारी मला ती बघायला बोलावलंय. तेव्हा बुधवार नको, पत्र मिळताच पहिल्या गाडीनं निघा. माझ्या शेजारी बसा, आणि मी तोंड उघडलं की पायावर पाय द्या.