एफ-सातचं भांडण

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी मध्येच हसते म्हणून तू फोन ठेवून देतेस, तेव्हा हे पत्र. कामाचं आहे.

आमच्या जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात पुढच्या महिन्यात नवं दालन उघडतंय. कचेरीतलं काम माणसं पूर्वी कशी करायची, ते त्यात दाखवायचंय, आणि मधोमध ठेवायचंय तुमचं गाठोडं! म्हणजे पत्रं लिहायचा तुझा प्रोग्रॅम आणि हिशेबाच्या तक्त्यांचा 'त्यांचा', एकाच खोक्यात घालून विकलेले. खोक्यावरचं खरं नाव फार भारदस्त आहे, पण मी लहानपणापासून गाठोडंच ऐकत आलेय. जुना कॉम्प्युटरही मिळाला. निळ्या पडद्यावर तुझी पांढरी अक्षरं उमटली तेव्हा मी साहेबांसमोर टाळ्या पिटल्या.

आता मला भिंतीवर लावायला त्याचा इतिहास हवा. आणि हो, तक्तेवाल्यांनाही मी पत्र टाकलंय. बाबा म्हणतात, त्यांचं नाव तुझ्यासमोर काढायचं नसतं. पण त्यांच्याशिवाय अर्धं गाठोडं मुकं राहील गं. रागवायचं असेल तर आधी इतिहास लिही आणि मग रागव.

आई-बाबा मजेत आहेत. तुझा लोभ रागासकट चालेल.

तुझी,
चिमणी

११ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

रागावले. झालं रागावून. आता इतिहास घे.

आम्ही तिघं होतो. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. खाली त्याचं यंत्र सुरू झालं की वर आमचा पडदा थरथरायचा. पुढच्या खोलीत मी पत्रांचा प्रोग्रॅम लिहायची, मागच्या खोलीत तो तक्त्यांचा. आम्ही त्याला चौकोनराव म्हणायचो, कारण हा माणूस पावसुद्धा चौकोनी कापून खायचा. तिसरा आमचा विक्रेता. त्याला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नसे, पण विकायचा झकास. एक दिवस तो सांगत आला की गिऱ्हाइकाला दोन खोकी नकोत, एकच हवं. त्या दिवशी गाठोडं बांधलं, आणि आमचं भांडणही त्यातच बांधलं गेलं.

माझ्या प्रोग्रॅममध्ये एफ-सात बटण दाबलं की लिहिलेलं जपून ठेवलं जाई. त्याच्याकडे जपून ठेवायला एफ-दहा होतं, आणि एफ-सात दाबलं की समोरचं सगळं पुसलं जाई. मी म्हटलं तू बदल, तो म्हणाला तू बदल. विक्रेत्यानं दोघांपुढे हात जोडले. शेवटी तसंच विकलं. माणसं पत्र संपवून तक्त्याकडे वळायची, सवयीनं एफ-सात दाबायची, आणि अख्ख्या कचेरीच्या पगाराचा तक्ता साफ! फोनवर फोन यायला लागले. मग त्यानं पुसण्याआधी पडद्यावर प्रश्न टाकला, 'नक्की?' घाईत माणसं त्यालाही हो म्हणायची. म्हणून दुसऱ्यांदा 'नक्की?', मग तिसऱ्यांदा. तीनदा विचारील पण बटण बदलणार नाही, असा तो. मीही काही कमी नव्हते म्हणा.

पुढे गाठोडं जोरात चाललं. अकरा फ्लॉप्यांचं खोकं झालं, त्यातली अकरावी हमखास खराब निघायची. आम्ही अख्खा मजला घेतला. माउस आला तेव्हा मी जाहीर केलं की ही थेरं वर्षभरही टिकणार नाहीत. मग एका बड्या कंपनीनं आम्हाला विकत घेऊन निळा पडदा करडा केला, तिनं दुसरीला विकलं, आणि त्या दुसरीनं एका परिपत्रकात दोन ओळींत कळवलं की गाठोडं आता बंद. तोवर एफ-सातपायी आमचं दोघांचं बोलणं बंद होऊन जमाना लोटला होता. त्या दिवशी मी खूप रडले. त्याला फोन करावासा वाटला होता, पण केला नाही.

हे शेवटचं भिंतीवर लावू नकोस. आशीर्वाद आहेतच, भांडवल म्हणून वापर.

तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतिहास वाचून हसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

आता पंचाईत ऐक. दालनात सगळ्या बटणांचा मोठा तक्ता लावायचाय. तक्तेवाल्यांनी कळवलंय की एफ-सात म्हणजे पुसणे, आणि खाली तीन रेघा मारल्यात. तू कळवलंस की एफ-सात म्हणजे जपणे, आणि तुझ्या चार रेघा. छापखाना माझ्या डोक्यावर बसलाय.

आणि हे काय ऐकते मी? बाबा तुझ्याकडे आले होते तेव्हा म्हणे खुंटीला पुरुषाची छत्री होती. आत्या, घरात काय चाललंय? उत्तर सविस्तर हवं.

तुझ्या लोभाची आणि बातम्यांची भुकेली,
चिमणी

२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बापाच्या पोटात काही राहील तर शपथ. छत्री चौकोनरावाचीच.

तू टाकलेलं पत्र मिळाल्यावर तो थेट माझ्या दारात आला. हातात कीबोर्डवर ठेवायची, कोणतं बटण कशाचं ते छापलेली पट्टी, पिवळी पडलेली, इतकी वर्षं जपलेली. भांडायला आलाय म्हणून मीही पदर खोचला. तो चहा पिऊन, खिडकीची सैल कडी बसवून गेला. पुन्हा आला, मग पुन्हा. आणि काल बशीतल्या बिस्किटाकडे बघत त्यानं विचारलं की उरलेलं आयुष्य एकाच खोक्यात घालायचं का. प्रेमाचं बोलता न येणारी माणसं असं बोलतात. मी म्हटलं, आधी एफ-सात माझं होतं हे कबूल कर. तर म्हणाला, चंद्र माग, एफ-सात मागू नकोस.

हसलीस ना? आता थट्टा पुरे. मला तो आवडतो, तेव्हाही आवडायचा. पण चिमणे, मला भीती वाटते. एकदा आम्हाला एका खोक्यात घातलं होतं, तर एका बटणापायी आम्ही एकमेकांना गमावलं. घरात तर किती बटणं असतात. पंखा किती, दिवा कधी, खिडकी उघडी की बंद. पुन्हा तसंच झालं तर या वयात मला ते झेपायचं नाही. दालन उघडेल त्या दिवशी उत्तर देईन, असं त्याला सांगितलंय. तू जवळ असशील म्हणून तो दिवस निवडला.

लोभ वाढव, त्याची गरज आहे.

तुझी आत्या

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी जवळ नसेन. मला गालगुंड झालंय! या वयात! आरशात बघते तर मीच गाठोडं. डॉक्टर म्हणतात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले, तर तेही दुखलं.

एफ-सातचं मात्र केलं. त्याच्यापुढे जागा कोरी ठेवलीय आणि खाली लिहिलंय, 'तुम्ही हे बटण कशासाठी वापरायचात? इथे लिहा.' दोरीला पेन्सिल बांधलीय. गाठोडं वापरलेल्या झाडून सगळ्या जुन्या माणसांना बोलावलंय, त्यांनाच ठरवू दे.

तुझं उत्तर तुझं. पण सुजलेल्या तोंडानं एवढंच सांगते, की मला आत्तोबा हवेत.

लोभ दुरूनच कर, संसर्ग आहे.

तुझी,
चिमणी

१० मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आशीर्वाद.

गाल कसे आहेत? शेकत जा, आणि हसू नकोस, दुखेल. म्हणजे हे पत्र उद्या वाच.

दालन तुडुंब भरलं होतं. माणसं निळा पडदा बघून अशी हरखली, की जणू माहेर भेटलं. तुझ्या कोऱ्या जागेपुढे रांग लागली. आम्ही दोघं दोन बाजूंना ताठ उभे, निकालाची वाट बघत. रांग सरली तेव्हा आधी तो वाचायला गेला, मग मी. एकानं लिहिलं होतं की आमच्या कचेरीत त्यावर बाटलीचं झाकण चिकटवलं होतं. दुसरीनं लिहिलं, आम्ही ते बटण चमच्यानं उचकटून काढलं. एका बँकेत त्यावर चिकटपट्टी होती, आणि जो हात लावील त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. अगं, वरपासून खालपर्यंत हेच! ज्याच्यासाठी आम्ही जन्माचं भांडलो, ते बटण कुणी दाबतच नव्हतं. आम्ही तिकडे शिंप्याच्या डोक्यावर तलवारी उपसत होतो, आणि इकडे लोक झाकण लावून, मेनूतून पत्र जपून खुशाल काम करत होते.

तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. मला तर श्वासच मिळेना. शिपाई पाणी घेऊन धावत आला. आणि हसता हसता माझी भीती कुठे गेली ते मला कळलंच नाही.

तिथेच, शिपायासमोर, मी हो म्हटलं. त्यानं विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, नियम तीनदा विचारायचा आहे. त्यानं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

काल त्यानं माझ्या घरच्या कीबोर्डवर एफ-सातवर बाटलीचं झाकण चिकटवलं. हे पत्र, नेहमीसारखं माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्येच, त्याला वळसा घालून लिहितेय. जपून ठेवायला दुसरं बटण हवं होतं, म्हणून सकाळी बसून मी माझा प्रोग्रॅम बदलला. आता माझ्याकडेही जपायला एफ-दहा आहे, त्याच्यासारखं. त्याला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

लोभ आहेच. तो आता दोघांना पुरवायचाय, तेव्हा लवकर बरी हो.

तुझी आत्या