कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर

२ नोव्हेंबर २०११
उद्यापासून औषध. फुप्फुसांचा जुनाट आजार, सीओपीडी. दोष म्हणे सिगारेटचा. चाळीस वर्षे ओढली हे खरे, पण फक्त विचार करताना. डॉक्टरीणबाई म्हणजे आमच्याच शाळेतली पद्मजा. प्रॅक्टिकलला मी हिला पन्नासपैकी एकोणीस दिले होते. औषध कसे घ्यायचे ते समजावू लागली. म्हटले, बाई, मी चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, मला कॅप्सूल समजावू नका. चिठ्ठी लिहायला लागली. वर एक प्लास्टिकचे नळकांडेही गळ्यात मारले. निव्वळ धंदा. वहीवर वजन म्हणून बरे आहे.

३ नोव्हेंबर
पहिली कॅप्सूल कोमट पाण्याबरोबर. सहज गेली.

७ नोव्हेंबर
नीरजाचा फोन. माझी एकुलती एक मुलगी, बाणेरला लिफ्टच्या इमारतीत राहते. म्हणाली, बाबा, तिसरा मजला आता पुरे, इकडे या. सदाशिव पेठ सोडून बाणेर! तिथे माणसाने राहून करायचे काय? बरीच हुज्जत घातली, शेवटी ठरले. एक जानेवारीला ती येणार आणि माझ्यामागून जिना चढणार. तिन्ही जिने न थांबता चढलो तर विषय बंद. थांबलो तर बॅग भरायची. पोरीची कीव आली.

१५ नोव्हेंबर
औषधाबरोबरचा कागद भिंगातून वाचला. दुष्परिणाम: हात थरथरणे, छातीत धडधड, आवाज बसणे, तोंडात पांढरे चट्टे. मला यातले एकही नाही. प्रकृती मुळातच दणकट. मागच्या बाजूला वापरण्याची पद्धत आहे, चित्रांसह. चित्रे अडाण्यांसाठी असतात. वाचली नाही.

२१ नोव्हेंबर
सारसबागेत शरच्चंद्र भेटला. पोस्टातून रिटायर झालेला, तीस वर्षांचा मित्र. आजार माझाच, डॉक्टरही माझीच. आवाज बसलेला. दिवसातून दोनदा ते नळकांडे तोंडाला लावून ओढतो म्हणे, आणि मग लहान मुलासारख्या चुळा भरतो. म्हटले, अहो, कॅप्सूल गिळायची असते. पोटात गेल्याशिवाय गुण येणार कसा? काहीतरी सांगू पाहत होता, पण मी रसायनशास्त्र सुरू केल्यावर थांबला. उद्यापासून गिळतो म्हणाला. एक माणूस वाचवला.

४ डिसेंबर
जिन्यात दोनदा थांबलो. थकून नव्हे. पहिल्या मजल्यावर मी लावलेली पाटी ('चपला जोडीने ठेवाव्यात, विकतही जोडीनेच मिळतात') तिरकी झाली आहे का, ते पाहिले. दुसऱ्यावर कुसुमताईंच्या दाराचे तोरण पाहिले. बारकाईने पाहण्यासारखे आहे.

१७ डिसेंबर
चारदा थांबलो. मंडईतून मटार आणले होते, सगळा दोष त्यांच्या वजनाचा. औषध कुचकामी आहे. पद्मजाला एकोणीस दिले तेच जास्त झाले. कॅप्सूल आता दुधाबरोबर घेणार.

३१ डिसेंबर
उद्या परीक्षा. आजवर परीक्षा घेतल्या, द्यायची वेळ पहिल्यांदाच. नीरजाच्या चेहऱ्यावर काय भाव असतील त्याची कल्पना करून झोपतो.

१ जानेवारी २०१२, संध्याकाळी ७
पहिला जिना उत्तम. दुसऱ्याच्या मध्यावर थांबून म्हणालो, कठडा हलतो आहे, बघ. नीरजा म्हणाली, बाबा, कठडा नाही, तुम्ही हलताय. पुढचे नीट आठवत नाही. नीरजा आणि एकाहत्तर वर्षांच्या कुसुमताई, दोघींनी मला खुर्चीत बसवून खाली आणले.

दवाखान्यात पद्मजाने मास्क लावून वाफेचे औषध दिले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, सर, कॅप्सूल कशी घेता ते दाखवा. मी पाणी मागितले. मग तिने नळकांड्यात कॅप्सूल घातली, नळकांडे फिरवले, तशी कॅप्सूल उघडली. आत भुकटी. ती श्वासाबरोबर आत ओढायची. मी म्हणालो, पण मला एकही दुष्परिणाम झाला नाही. ती म्हणाली, सर, परिणामच झाला नाही.

५ जानेवारी
ओढतो आहे. शिवाय पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. भूक राक्षसी, काल सात पोळ्या खाल्ल्या. हात थरथरतो, अक्षर वाकडे येते आहे. ओढल्यावर चुळा भरायला सांगितले आहे. मला ते पटत नाही.

९ जानेवारी
तोंडात पांढरे चट्टे. चुळा भरतो आहे.

चूळ भरता भरता आठवले, शरच्चंद्र! माझे ऐकून तो दीड महिना गिळतो आहे. इतकी भीती स्वतःसाठीही वाटली नव्हती. रिक्षा करून त्याच्या घरी गेलो. दार मंदाकिनीवहिनींनी उघडले. तेवढ्यात तो आतून आला, टवटवीत. सगळे कबूल केले आणि माफी मागितली. मागता येते, हे माहीत नव्हते. तो म्हणाला, अहो, मी एकही गिळली नाही, तुमच्यासमोर नुसते हो म्हटले. मी विचारले, मग मला का नाही सांगितलेत? दोघे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी वहिनी म्हणाल्या, भावजी, तुम्हाला कोण सांगणार? मागे यांनी गाडीची बरोबर वेळ सांगितली, तुम्ही ती मानली नाहीत, गाडी चुकली ती चुकली, वर यांच्याशी वर्षभर अबोला.

घरी चालत आलो. वाटेत बऱ्याच वेळा थांबलो. प्रत्येक वेळी धाप लागली म्हणून.

१४ जानेवारी
नीरजाने पुन्हा जिना चढून दाखवायला दोन महिन्यांची मुदत दिली. अट एकच, औषध रोज कोणासमोर तरी ओढायचे. शरच्चंद्र तयार झाला. त्याचीही एक अट, तेवढा वेळ मी बोलायचे नाही.

१५ जानेवारी, सकाळी ७.३०
शरच्चंद्र तिन्ही जिने चढून आला. मी कॅप्सूल घातली, यंत्र तोंडाला लावले. त्याने माझ्या हातातून घेतले, उलटे धरले होते ते सरळ केले आणि परत दिले.

मी गप्प राहिलो.