राडा आणि रोडा

बाबा, काल वर्गात एका मुलीने विचारलं, ‘बाई, राडारोडा म्हणजे काय हो?’ मुलुंडला आमच्या शाळेशेजारची जुनी इमारत पाडताहेत, तिथल्या कुंपणावर ‘येथे राडारोडा टाकू नये’ असा फलक लागलाय. मी सांगितलं, पाडलेल्या बांधकामाचा पसारा. एवढंच. शब्द कशातून झाला तेही मला ठाऊक होतं, पण जीभ रेटली नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षांवर झाली, तरी या एका शब्दाला मी अजून तोंड चुकवते.

सातवीत होते मी. गिरणी संपात बसली ती बसलीच, आणि तुम्ही भांडुपच्या एका ठेकेदाराच्या टोळीत लागलात. काम पाडापाडीचं. बेकायदा ठरलेल्या खोल्या पाडायच्या, पडलेलं सगळं ट्रकात भरायचं, आणि ठेकेदार तो माल भरावासाठी विकायचा. गिरणीत साच्यावर कापड विणणारा माणूस आता पहार घेऊन लोकांच्या भिंती पाडतो, हे तुम्ही गावाला कळू दिलं नाहीत. पत्रात ‘बांधकामात आहे’ असं मला लिहायला लावायचात. शाळेत बाईंनी ‘एका शब्दाची गोष्ट’ लिहून आणायला सांगितली, त्या संध्याकाळी आई बांगडे साफ करतेय आणि तुम्ही मोरीच्या कट्ट्यावर बसून नखांतली माती काढताय. मी राडारोडा विचारते. तुम्ही हसता. ‘अगो, राडो म्हणजे चिखल, माती, सगळो गाळ. आणि रोडो म्हणजे फुटक्या इटेचो तुकडो. दोघांक एकत्र कोणी केल्यान म्हायत नाय, माका मात्र ते येगळे करूचे लागतत.’ मी म्हणते, कशाला? ‘रोडो परत कामाक येता. अर्ध्या इटेची पण भिंत उभी ऱ्हवता. राडो घेवन कोण काय करतलो?’

तेव्हा मला तुमची पद्धत कळली. पहार भिंतीच्या मध्यावर न मारता सांध्यात घालायची, म्हणजे विटा कमी फुटतात. मग ट्रक यायच्या आत रोडे वेचून गटारापलीकडे पत्र्याखाली ठेवायचे आणि ट्रकात राडा भरायचा. ज्यांची खोली पडली ते लोक संध्याकाळी येऊन रोडे घेऊन जायचे. ‘एक दिवस ह्या तुमच्या अंगाशी येतला,’ आई म्हणाली. तुम्ही तिच्याकडे न बघता म्हणालात, ‘लोकांच्या पोरांवयला छप्पर काढतंय मी. तेवढा तरी करूक नको?’ मला तुमचा इतका अभिमान वाटला की ते सगळं मी जसंच्या तसं लिहिलं, पत्र्यासकट.

बाईंना ते फार आवडलं. स्नेहसंमेलनात मला वाचायला उभं केलं. पाहुणा तुमचाच ठेकेदार होता, त्याने त्या वर्षी शाळेला वह्या वाटल्या होत्या. तुम्ही सगळ्यात मागे इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून उभे होतात. वाचून झालं, टाळ्या पडल्या, आणि बाईंनी कौतुकाने तुम्हाला पुढे बोलावलं. ठेकेदाराने तुमच्याशी हात मिळवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम दारात. ‘काका, आजपासून येऊ नका. शेठ म्हणतात, आमचा माल वाटत फिरतो काय हा?’ तुम्ही चहा संपवलात, पहार परत दिलीत. माझ्यावर रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

त्यानंतर तुम्हाला धड काम मिळालंच नाही. मरोळला एका बंद कारखान्याचं फाटक राखत बसलात, खोकत. तुम्ही दिलेल्या रोड्यांनी नाहूरच्या बाजूला परत उभ्या राहिलेल्या खोल्या पुढे आणखी दोनदा पाडल्या. दुसऱ्या वेळी मी मुद्दाम बघायला गेले होते. एक म्हातारी चिखलात पायाने चाचपत होती, तिला काही मिळालं नाही. तुम्ही असतात तरी काही मिळालं नसतं, हे आता मला कळतं. तीच ती वीट तीनदा पाडली की तिचा रोडा राहत नाही, सगळा राडाच होतो. तुम्ही नोकरी घालवलीत ती कोणाच्याच कामाला आली नाही बाबा, आणि तुमचं नाव काढणारं तिथे कोणी उरलेलं नाही.

शेवटच्या आजारात माझ्या त्या वाचनाबद्दल तुम्ही आईला म्हणालात, ‘तेका काय म्हायत होता? बारक्या चेडू ता.’ मी पडद्यामागे पेज गाळत होते. मला वाटलं तेव्हाच बाहेर यावं. आले नाही. हा कागद तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर हात धजतोय. पाहुणा कोण आहे ते मला माहीत होतं. पत्र्याच्या ओळीपाशी आल्यावर मी मान वर केली होती, आणि मागून तुम्ही हात हलवून ‘नको, नको’ करत होतात. मी पाहिलं, बाबा. सगळे चिडीचूप माझ्याकडे बघत होते, आणि ते मला फार आवडत होतं. मी मान खाली घातली आणि ती ओळ वाचली, जरा मोठ्यानेच.