आमचं धाबं, तुमचं अंगण

रेबंदान महिना, शेवटचा आठवडा

भाऊजी,

हतावचा सलाम. खजालबाईंनाही सलाम, आणि पोरांना गोड पापा. तुम्ही सगळे तिकडे सनंदज शहरात सुखरूप असाल अशी आशा. जाताना रॉकेलची शेगडी सोबत नेलीत ते बरं केलंत, तिकडेही थंडी असेलच. दुकानातला फोन पहिल्याच बर्फात मुका झाला, म्हणून कागदावर लिहिते. घाटात मशीन येऊन रस्ता मोकळा करतंय म्हणतात. मिनीबस सुटली की ड्रायव्हरच्या हाती देईन. आपल्या लोकांनी या महिन्याचं नाव वाटबंद ठेवलंय ते काही उगाच नाही.

आमचं बरं आहे. एक शेळी गारठून मेली. रोजीनचे पुढचे दात पडलेत, बोलताना शिट्टी वाजते. मजीद फारसा बोलत नाही, पण तो तुमचाच भाऊ, गोड बोलण्यासाठी तुमचं घराणं कधीच प्रसिद्ध नव्हतं. मी लिहितेय हे त्याला ठाऊक आहे. म्हणाला, लिही, पण बोलावू नकोस.

आईचं पुढे लिहिते.

आधी बर्फाचं. यंदासारखा बर्फ मी लग्न होऊन आल्यापासून पाहिला नाही. आपल्या डोंगरात खालच्या घराचं मातीचं धाबं तेच वरच्या घराचं अंगण, हे मी तुम्हाला काय सांगायचं? बर्फ पडतो तुमच्या अंगणात आणि वाकते आमची तुळई. दरवर्षी तुम्ही दोघे भाऊ मिळून तो ढकलायचात, मी पायऱ्यांवर चहा आणून ठेवायचे, मग तुम्ही धाब्याच्या मातीवर दगडी रूळ फिरवायचात, एकमेकांना शिव्या देत. यंदा तुम्ही नव्हतात. तुमची शपथ तेवढी अंगणात बसून होती.

शपथ आठवते ना? मला शब्दन्‌शब्द आठवतो. अक्रोडाच्या वाटणीवरून जुंपली आणि मशिदीच्या दारात सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "मजीद, तू, तुझ्या घरातलं कुणी, किंवा तू धाडलेलं कुणी माझ्या अंगणात पाऊल टाकलं, तर माझ्या बायकोला तीन तलाक." रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो हो. पण हे बोलणं परत गिळता येत नाही. एका झाडापायी तुम्ही खजालबाईंना पणाला लावलंत, आणि त्या बिचाऱ्या तेव्हा घरात तुमच्यासाठी भाकरी थापत होत्या.

मजीदने मुल्ला बाकींना विचारलं. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. म्हणाले, शपथ घेणारा समोर असल्याशिवाय मी काही सोडवू शकत नाही, तुझ्या पावलाने भावाचं घर मोडलं तर माझं नाव घेऊ नकोस. शेजारी फावडी घेऊन आले आणि अंगणाच्या काठावरून परत फिरले. आम्ही गेलो तर तूच धाडलंस असं होईल, म्हणाले. खरंच होतं ते. दुसऱ्याचा संसार मोडायचं पाप कोण अंगावर घेईल?

मग तुळई बोलायला लागली. आधी नुसती करकर, मग भातात माती पडायला लागली. मजीदने मधोमध चिनाराचा टेकू लावला, तोही वाकला. रोजीनचं अंथरूण आम्ही दाराशी आणलं, म्हणजे पळायला बरं. मजीद रोज फावडं घेऊन पायऱ्या चढायचा, वरच्या टोकाला उभा राहायचा आणि उतरायचा. एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, जा की वर, त्यांची बायको त्यांनी पणाला लावली, आपण का सांभाळत बसायची? त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. "हताव, वहिनीने माझ्या ताटात वाढलंय," एवढंच म्हणाला.

माझ्याही ताटात वाढलंय त्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंथरूण गुंडाळलं आणि गल्लीत उभं राहून भांडण काढलं. साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. या घरात माझी कदर नाही, सुनेच्या हाताला चव नाही, असलं काहीबाही. मी रडायलाच लागले, म्हटलं माझं चुकलं तरी काय? मग ती शेजारच्या फाते मावशीच्या दाराकडे तोंड करून ओरडली, "सगळे ऐका. मी आजपासून धाकट्याच्या घरची नाही. थोरल्याच्या घरी राहायला चालले. मला कुणी धाडलेलं नाही."

तुमची किल्ली तिच्या कनवटीला होतीच. थोड्या वेळाने डोक्यावर फावड्याचा आवाज आला, तेव्हा कुठे मला उमगलं. मजीद टेकूला धरून खाली बसला.

त्यानंतर ती आमच्या घरी परत आली नाही. आली असती तर पुन्हा या घरची झाली असती ना. फाते मावशीने झोपायला बोलावलं, तिथेही गेली नाही. म्हणाली, थोरल्याच्या घरची झाले तर निजेनही तिथेच, नाहीतर उद्या लोक म्हणतील म्हातारी सोंग करत होती. शेगडी तुम्ही नेलेली. चुलीपुरती लाकडं आम्ही धाब्याच्या सवण्यातून, त्या धुराच्या भोकातून, काठीला बांधून वर ढकलायचो, भाकऱ्याही. मजीद म्हणाला, भाकरीला पाय नसतात, तिच्यामुळे शपथ मोडत नाही. तेवढ्यापुरतं आम्ही हसलोसुद्धा. सवण्यातून ती रोजीनशी बोलायची, वरून मनुका टाकायची. मला म्हणायची, "तुझ्या नवऱ्याला सांग, माझा थोरला तापट आणि धाकटा गाढव, आणि दोघांचा बर्फ माझ्या नशिबी." मध्येच खोकायची. मी म्हणायचे, आई, आज पुरे करा. ती म्हणायची, कोपरा राहिलाय.

दिवसभर आम्ही तिचं फावडं ऐकायचो. जिथे आवाज व्हायचा, तिथली तुळई हलकी व्हायची. भाऊजी, खरं सांगते, त्या आवाजाने मला झोप लागायची. सासू वर गारठतेय हे माहीत असून मी झोपायचे.

मग एका सकाळी आवाज आला नाही. रोजीनने सवण्यातून आजी, आजी म्हणून हाका मारल्या. मजीद अनवाणी पायऱ्या चढत गेला आणि टोकाला थांबला. मीही मागे गेले. ती कोपऱ्याजवळ पडली होती, फावडं बाजूला बर्फात उभं. मजीदने पाय उचलला, मी डोळ्यांनी पाहिलं. तिनेही पाहिलं. तिने हात हलवला, भाऊजी. ये म्हणून नाही, मागे हो म्हणून.

त्याने पाय मागे घेतला.

फाते मावशी धावत आली, मला कुणी धाडलं नाही, मला कुणी धाडलं नाही, असं ओरडतच तुमच्या अंगणात शिरली. तिने एकटीने आईला काठापर्यंत ओढत आणलं. काठावर मजीद हात पसरून उभा होता. त्याच्या हातांत आली तेव्हा आई गेलेली होती.

जमीन दगड झाली होती. कबरीच्या जागी आधी आग पेटवली, मग खणली. तुमच्या नावाची मूठभर माती मजीदनेच टाकली.

खजालबाईंना सांगा, तुमचा संसार शाबूत आहे. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवायची हिंमत तुम्हाला होईल का, ते तुम्ही बघा.

आज पहाटेपासून पुन्हा पडतोय. धाबं परत पांढरं झालंय, तुळई अजून गप्प आहे. आमच्या घरात आता घर सोडून जाणारं कुणी म्हातारं उरलेलं नाही. आम्ही आहोत आणि रोजीन आहे. मजीदने बोलावू नकोस म्हटलंय, म्हणून मी बोलावत नाही. पण आईचं फावडं अजून तिथेच उभं आहे, कोपऱ्याजवळ. तुमच्या अंगणात आहे, आम्हाला उचलता येत नाही.

तुमच्या अंगणाखाली राहणारी,
हताव