मामांच्या क्रीमवरचे लाल ठिपके

तीर्थरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार (अगदी जमिनीला नाक लावून). गुडघा कसा आहे? मामीचा राग कसा आहे? (तुमचा कसा आहे, ते आईचे तीन फोन न उचलून तुम्ही कळवलंतच.)

सोमवारी तुमच्या बेकरीच्या क्रीममध्ये कोलिफॉर्म जंतू (म्हणजे अस्वच्छ हातांची नि पाण्याची खूण) निघाल्याचं मी मोठ्या तोऱ्यात कळवलं. तुम्ही चार डबे क्रीम मोरीत ओतलंत, कारागिरांना रांगेत बसवून नखं कापायला लावलीत आणि कॉलेजच्या कँटीनची ऑर्डर हातची गेली. मामा, तुमचं क्रीम निर्दोष होतं. घाण माझ्याकडची होती.

झालं असं, की हे जंतू शोधायला आम्ही एक लाल-जांभळं अगार वापरतो, दिसायला थेट जेली. त्यातले पित्ताचे क्षार बाकीच्या बहुतेक जंतूंना थारा देत नाहीत, आणि त्यातली दुधाची साखर खाऊन कोलिफॉर्म गडद लाल ठिपके उठवतात. हे अगार वितळवून कोमट पाण्याच्या टबात ठेवायचं आणि नमुन्यावर ओतायचं. ओतण्याआधी बाटली बाहेरून पुसायची, एवढंच काम. ते मी केलं नाही. टबाचं पाणी थेंब थेंब तुमच्या क्रीमवर पडत होतं. (ते पाणी किती दिवसांचं, विचारू नका. सोळा.)

आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी विचारलं, "नमुना न घातलेल्या प्लेटवर काय आलं?"

"ती ठेवलीच नव्हती. अगार कमी पडत होतं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एक रिकामी प्लेट माझ्या हातात ठेवली. मग मी नुसत्या अगारची प्लेट ओतली, बाटली ओलीच ठेवून. दुसऱ्या दिवशी तेवीस ठिपके! क्रीम नाही, मामा नाहीत, तरी तेवीस.

टब घासला, पाणी बदललं, बाटली पुसली आणि तुमच्या नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी डबी तपासली. एकही ठिपका नाही. मी प्रयोगशाळेत चक्क उडी मारली. मॅडमनी स्वतः कँटीनला फोन करून चूक आमची असल्याचं सांगितलं. ऑर्डर परत मिळाली. कान धरून माफी मागते.

तुमची लाडकी (होते ना?) भाची

ता. क. नवा दाखला सोबत आहे. मामीला आधी दाखवा.

ता. ता. क. खरं काम हे. जंतूंची हकीकत ऐकल्यापासून आई काकडीसुद्धा उकळून वाढते. बाबा वाळत चाललेत. त्यांना आठवडाभर तिकडे बोलावून घ्या, पण बोलावणं तुमचंच वाटू द्या. पत्र वाचून फाडा.